सगळं लिहिलंय, पण कुठे?

डॉक्युमेंटेशनला मराठीत 'दस्तऐवजीकरण' म्हणतात. शब्द नुसता उच्चारला तरी तलाठ्याचं ऑफिस, सातबारा आणि स्टॅम्पपेपर डोळ्यांसमोर उभे राहतात. त्यामुळे या विषयावर लेख आहे म्हटल्यावर निम्मी मंडळी पान उलटून सरळ चारोळ्यांच्या पानावर जाणार, याची मला पूर्ण कल्पना आहे. जे उरलात त्यांचे आभार. तुमचा फार वेळ घेणार नाही, पण एक गोष्ट गेली दोन वर्षं डोक्यात घोळतेय ती सांगितल्याशिवाय राहवत नाही.

सॉफ्टवेअरच्या डॉक्युमेंटेशनबद्दल आपल्याकडे एकच तक्रार ऐकू येते: "अरे, कोणी काही लिहूनच ठेवत नाही!" मला हे पटत नाही. लिहितात. भरपूर लिहितात. आपल्या डिपार्टमेंटच्या कपाटात काळ्या कव्हरच्या, सोनेरी अक्षरांच्या ब्लॅक बुकांची जी थप्पी लागलेली आहे ती एकदा बघून या. ऐंशी-नव्वद पानांखाली एकही बुक सापडणार नाही. खरा आजार असा आहे की लिहिलेलं लावलेलं नसतं. म्हणजे माहिती असते, पण जिला ती हवी आहे तिला कुठल्या दारातून आत शिरायचं, कुठे वळायचं आणि हवं ते पान आलं हे कसं ओळखायचं, याचा विचार कोणी केलेला नसतो.

ब्लॅक बुकची रचना आठवा. इंट्रोडक्शन, लिटरेचर सर्व्हे, प्रपोज्ड सिस्टिम, यूएमएलच्या आकृत्या, इम्प्लिमेंटेशन, टेस्टिंग, रिझल्ट्स आणि शेवटी फ्यूचर स्कोप. एक्सटर्नलसाठी हा क्रम अगदी ठीक आहे. त्याला पंधरा मिनिटांत बघायचं असतं की पोरांनी वर्षभर काम केलंय की नाही. पण फ्यूचर स्कोप ज्यांच्यासाठी लिहितो त्या ज्युनिअर्सनी ते सॉफ्टवेअर चालवायला घेतलं की काय होतं? जे होतं ते मी जवळून पाहिलंय.

एका सीनिअर बॅचने लॅबमधल्या साहित्याची नोंद ठेवायचं सॉफ्टवेअर केलं होतं. चांगलं होतं, दीड वर्ष वापरात होतं. मग ते ज्या मशिनवर होतं ते फॉरमॅट करावं लागलं. सोर्स कोडची सीडी शाबूत, ब्लॅक बुकही शाबूत. दोन ज्युनिअर मुलं ते पुन्हा उभं करायला बसली. आठ दिवस बसली. डेटाबेसचा पत्ता आणि पासवर्ड कुठल्या फाइलमध्ये बदलायचा, एवढीच गोष्ट अडली होती. ती फाइल बुकात होती बरं का! टेस्टिंगच्या चॅप्टरमध्ये, एका स्क्रीनशॉटच्या खाली, बारीक टाइपात. बत्तिसाव्या आकृतीची ओळ वाचेपर्यंत कोणाचा धीर टिकणार? मुलांनी नाद सोडला, लॅब असिस्टंट काकांनी रजिस्टर पुन्हा उघडलं, आणि पुढच्या वर्षी एका ग्रुपने तोच विषय पहिल्यापासून करायला घेतला. चार जणांचं एक वर्ष एका आकृतीखालच्या ओळीत अडकून पडलं. माझ्या मते यात वाया गेली ती अक्कल, आणि ती दर वर्षी जाते.

आता कोणी म्हणेल, हा प्रश्न अवघड असेल म्हणून सुटत नसेल. तसंही नाही. पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी तो बऱ्यापैकी सुटला होता. नोव्हेंबर १९७१ मध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सच्या मॅन्युअलची पहिली आवृत्ती काढली. त्यात त्यांनी दोन साध्या गोष्टी केल्या. एक म्हणजे विभाग पाडले: कमांड्स वेगळ्या, सिस्टिम कॉल्स वेगळे, सबरूटिन्स वेगळ्या, फाइलींचे फॉरमॅट वेगळे. दुसरी म्हणजे प्रत्येक पानाचा साचा ठरवला. आधी नाव आणि एका ओळीत काम, मग वापरायची पद्धत, मग वर्णन, लागणाऱ्या फाइली, 'हेही पाहा', एरर आली तर तिचा अर्थ, आणि चक्क 'बग्ज' नावाचं एक शीर्षक. आमच्या कमांडमध्ये हे हे दोष आहेत, असं स्वतःच लिहून मोकळे! शिवाय त्या कमांडचा मालक कोण, तेही पानावर. म्हणजे अडलं तर कोणाच्या टेबलापाशी जायचं हे माहीत.

आज लिनक्सवर 'मॅन पासवर्ड' म्हटलं की पासवर्ड बदलायच्या कमांडचं पान येतं आणि मधे ५ आकडा टाकला की त्याच नावाच्या फाइलचा फॉरमॅट सांगणारं पान येतं. तसंच 'प्रिंटएफ'चं. नुसतं विचारलं तर शेलची कमांड, ३ आकडा टाकला तर सी मधलं फंक्शन. नाव एकच असलं तरी विचारणारी माणसं दोन आहेत, हे त्या आकड्याने ओळखलं. आणि प्रत्येक पानाच्या वर ती एका ओळीची ओळख असल्यामुळे 'अप्रॉपोस' नावाची कमांड सगळ्या ओळखी चाळून हव्या त्या शब्दाची पानं काढून देते. साचा पाळला म्हणून शोध शक्य झाला. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

इतकं लांब कशाला, आपल्या लाडक्या टर्बो सी चंच घ्या. ज्या निळ्या स्क्रीनवर आपल्या कॉलेजांतल्या पिढ्यान् पिढ्या सी शिकल्या, तिच्या पोटात एक झकास हेल्प होती. शब्दावर कर्सर ठेवायचा, कंट्रोल आणि एफ-वन दाबायचं, की त्या फंक्शनचं पान हजर. कुठली हेडर फाइल, कसं लिहायचं, काय परत मिळतं, संबंधित फंक्शन्स कोणती आणि खाली कॉपी करता येण्याजोगं उदाहरण. प्रश्न जिथे पडला तिथेच उत्तराचं दार. नेव्हिगेशन नेव्हिगेशन म्हणतात ते हेच की.

मग घोळ कुठे होतो? मला वाटतं, तीन ठिकाणी.

पहिला घोळ: सगळ्या प्रकारची माहिती एकाच भांड्यात ढवळणे. डॅनिएले प्रोसिडा नावाच्या गृहस्थांनी यावर एक मांडणी केली आहे. ते म्हणतात की डॉक्युमेंटेशन चार प्रकारचं असतं आणि चारही वेगळं ठेवावं. त्यांच्या मांडणीला आता 'डायटॅक्सिस' म्हणतात. हे चार प्रकार मी आपल्या भाषेत सांगते. फर्स्ट इयरचा मुलगा पहिल्या दिवशी कॉलेजात येतो. त्याला कोणीतरी हाताला धरून गेटपासून वर्गापर्यंत नेतं, वाटेत कॅन्टीन दाखवतं. हे झालं ट्युटोरियल. दोन महिन्यांनी त्याचं आयकार्ड हरवतं आणि तो विचारतो, डुप्लिकेट कसं काढायचं? त्याला चार पायऱ्या सांगायच्या, कॉलेजचा इतिहास नको. हे झालं 'कसं करायचं'. टाइमटेबल आणि सिलॅबस म्हणजे रेफरन्स. ते कोणी सलग वाचत नाही, हवा तो रकाना बघतो आणि निघतो. आणि एटीकेटीचा नियम असाच का, हे रात्री हॉस्टेलच्या गच्चीवर सीनिअर समजावतो ते एक्सप्लनेशन. चारही गोष्टी हव्यात. पण आयकार्डवाल्याला गच्चीवर नेऊन बसवलं तर तो वैतागेल की नाही? आपली बहुतेक डॉक्युमेंटेशन्स नेमकं हेच करतात. इन्स्टॉल करायच्या तिसऱ्या पायरीनंतर अचानक 'एमव्हीसी आर्किटेक्चर म्हणजे काय' यावर दोन पानं!

दुसरा घोळ: वाचणारा पुढच्या दाराने येतो असं समजणे. पुस्तकाला पहिलं पान असतं म्हणून आपण लिहिताना पहिल्या पानावर सगळी प्रस्तावना करतो आणि पुढे "वर सांगितल्याप्रमाणे" म्हणत सुटतो. पण वाचणारा सर्चमधून थेट सत्तेचाळिसाव्या पानावर पडतो. त्याच्यासाठी तेच पहिलं पान. मार्क बेकर यांनी २०१३ मध्ये याच विषयावर एक अख्खं पुस्तक लिहिलंय. मला इथे नेहमी एसटी स्टँड आठवतो. प्रवाशाला डेपोची प्रशासकीय रचना नको असते. तो कुठल्याही बाजूने आत शिरला तरी फलाटावर पाटी दिसली पाहिजे, पाटीवर गाव दिसलं पाहिजे आणि गाडी कुठून कुठे जाते हे कळलं पाहिजे. तसंच प्रत्येक पानाने चार गोष्टी सांगायला हव्यात: हे पान कशाबद्दल आहे, कुठल्या आवृत्तीचं आहे, याआधी काय करून ठेवलेलं पाहिजे आणि इथून पुढे कुठे जायचं.

यातली आवृत्तीची गोष्ट आपण सर्रास विसरतो. ज्यांना नीट नमुना बघायचा असेल त्यांनी पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसचं डॉक्युमेंटेशन उघडावं. पानाच्या डोक्यावरच लिहिलेलं असतं की हे कितव्या आवृत्तीचं आहे, आणि तेच पान दुसऱ्या आवृत्तीत बघायचं असेल तर त्याची लिंक तिथेच. आतली विभागणीही माणसांप्रमाणे आहे. नवशिक्याला ट्युटोरियल, क्वेरी लिहिणाऱ्याला एसक्यूएलचा भाग, सर्व्हर सांभाळणाऱ्याला अ‍ॅडमिनिस्ट्रेशन, प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला वेगळा भाग, कमांडचं नेमकं रूप हवं असेल त्याला रेफरन्स, आणि डेटाबेस आतून कसा चालतो याची हौस असणाऱ्याला शेवटी इंटर्नल्स. हजारो पानांचा पसारा, पण हरवायला होत नाही.

याच्या उलट रचना म्हणजे कोडच्या फोल्डरांप्रमाणे डॉक्युमेंटेशन. जावाडॉक घ्या. पॅकेज, त्यात क्लास, त्यात मेथड. क्लासचं नाव माहीत असेल तर यासारखं सुख नाही. पण "मला फाइल ओळीओळीने वाचायचीय" एवढंच माहीत असणाऱ्या बिचाऱ्याने कुठल्या पॅकेजात शिरायचं? जावा १९९६ मध्ये बाहेर आली आणि जावाडॉकच्या पानांवर स्वतःची शोधपेटी आली ती जावा ९ बरोबर, २०१७ मध्ये! तोवर ए टू झेड इंडेक्स किंवा बाहेरचं सर्च इंजिन. मी जावाडॉकला नावं ठेवत नाही. रेफरन्स म्हणून ते चोख काम करतं. पण आपण प्रोजेक्टमध्ये जावाडॉकची कमांड मारून एचटीएमएलचा ढिगारा तयार करतो आणि "डॉक्युमेंटेशन झालं" म्हणून हात झटकतो, त्याला माझा विरोध आहे. चार खणांतला एकच खण भरला, बाकीचे तीन रिकामे.

तिसरा घोळ नावांचा. 'मिसलेनियस', 'अदर टॉपिक्स', 'अ‍ॅडव्हान्स्ड', 'मॉड्यूल ३'. सांगा बघू, यात पासवर्ड विसरल्यावर काय करायचं ते कुठे असेल? झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेत पीटर पिरोली आणि स्टुअर्ट कार्ड या दोघांनी नव्वदच्या दशकात एक सुंदर कल्पना मांडली. जनावर जसं वासावरून भक्ष्याचा माग काढतं तसा माणूस लिंकच्या शब्दांवरून माहितीचा माग काढतो. वास तीव्र होत गेला तर तो पुढे जातो, वास गेला की परत फिरतो. 'मिसलेनियस'ला कसलाच वास नाही. 'पासवर्ड विसरल्यास' याला आहे. शीर्षक लांब झालं तरी चालेल, पण ते वाचणाऱ्याच्या प्रश्नासारखं दिसायला हवं.

इथे आपल्यासारख्यांचा एक खास मुद्दा आहे. आपल्यातले कितीतरी जण बारावीपर्यंत मराठी माध्यमातून आलेत. टेबल काढून टाकायचं असेल तर त्यांच्या डोक्यात 'डिलीट' येतं. एसक्यूएलमध्ये शब्द आहे 'ड्रॉप', आणि 'डिलीट' म्हणजे आतल्या ओळी काढणे. आता ज्याला 'ड्रॉप' हा शब्दच माहीत नाही तो 'ड्रॉप'चं पान शोधणार कसा? म्हणून निर्देशसूची लागते. तिच्यात आपल्या शब्दांबरोबर वाचणाऱ्याच्या तोंडी असणारे शब्दही घालायचे: 'टेबल डिलीट करणे, पाहा ड्रॉप'. ग्नू प्रकल्पाच्या 'इन्फो' मॅन्युअल्समध्ये 'आय' हे अक्षर दाबलं की थेट निर्देशसूचीतला शब्द विचारतात. तिथल्या पानांना पुढचं, मागचं आणि वरचं अशा तीन वाटाही असतात, पण मला स्वतःला ती 'आय'ची कळ सगळ्यांत उपयोगी वाटते.

आता तुमचा आक्षेप मला ऐकू येतोय. "अगं, हल्ली कोण पानं शोधतं? सर्च आहे, एआय आहे. प्रश्न विचारायचा, उत्तर मिळतं." मान्य, मीही विचारते. पण दोन गोष्टी. तो चॅटबॉट जे सांगतो ते कुणीतरी कुठेतरी नीट लिहून ठेवलेल्या पानांच्याच जिवावर. पानावर आवृत्तीच लिहिलेली नसेल तर जुन्या आवृत्तीची कमांड आणि नव्या आवृत्तीचा ऑप्शन यांची भेळ करून तो मोठ्या आत्मविश्वासाने पुढे ठेवणार. 'अप्रॉपोस'बद्दल जे म्हटलं तेच इथे लागू आहे, शोधणारं यंत्र कितीही हुशार असलं तरी लावलेल्या कपाटातच त्याला लवकर सापडतं. दुसरं म्हणजे आपल्या लॅबमधल्या सॉफ्टवेअरचं पान त्याने कधी पाहिलेलंच नाही. आपला पासवर्ड कुठल्या फाइलमध्ये आहे हे त्याला कोण सांगणार?

"वेळ कुठे आहे?" हा दुसरा आक्षेप. सबमिशन, जर्नल, कॅम्पसचे अ‍ॅप्टिट्यूड पेपर, मधेच गॅदरिंग. खरं आहे. पण मी नव्वद पानं वाढवायला सांगतच नाहीये. जॉन कॅरोल यांनी आयबीएममध्ये बरीच वर्षं लोकांना मॅन्युअल वाचताना बघितलं आणि १९९० मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. त्यांना दिसलं ते आपल्यालाही घरबसल्या दिसेल: लोक वाचत बसत नाहीत, लगेच करायला घेतात, चुकतात आणि मग पान उघडतात. त्यामुळे मॅन्युअल छोटं ठेवा, पहिल्या पानापासून काहीतरी करायला द्या आणि चुकल्यावर बाहेर कसं यायचं ते आवर्जून लिहा, असा त्यांचा आग्रह.

तर माझी सूचना अशी. ब्लॅक बुक राहू द्या, ती युनिव्हर्सिटीला हवी आहे. पण तिच्यासोबत, कोडच्याच फोल्डरमध्ये, सहा पानं सक्तीची करा. पहिलं पान एका स्क्रीनवर मावेल असं: हे काय आहे, कितवी आवृत्ती, कोणी केलं आणि बाकीच्या पाच पानांच्या लिंका. दुसरं, कोऱ्या मशिनवर पहिल्यांदा चालू कसं करायचं. तिसरं, रोजची कामं: नवा युजर, बॅकअप, पासवर्ड. चौथं, सेटिंग्जचा तक्ता: कुठली फाइल, कुठली ओळ, काय बदललं की काय होतं. पाचवं, स्क्रीनवर येणाऱ्या एरर जशाच्या तशा शब्दांत आणि प्रत्येकीचा उपाय. सहावं, आम्ही हे असंच का केलं आणि काय जमलं नाही. युनिक्सवाल्यांना 'बग्ज' लिहायला लाज वाटली नाही, तर आपल्याला कसली?

पानं वाढली तर कुठलंही पान अनाथ राहणार नाही हे बघा, म्हणजे ज्याच्याकडे एकही वाट जात नाही असं पान नको. हे तपासायला तर माणूसही लागत नाही. पायथॉनच्या डॉक्युमेंटेशनसाठी तयार झालेलं आणि २००८ मध्ये बाहेर आलेलं 'स्फिंक्स' हे साधन फुकट आहे; एखादं पान कुठल्याच अनुक्रमणिकेत नसेल तर ते स्वतः इशारा देतं.

आणि शेवटची, सगळ्यांत महत्त्वाची मागणी आपल्या सरांकडे आणि मॅडमकडे. व्हायवाच्या आधी एक परीक्षा घ्या. सेकंड इयरच्या एका मुलाला कोरं मशिन आणि ती सहा पानं द्या. प्रोजेक्टवाल्यांनी मागे बसायचं, तोंड उघडायचं नाही. तासाभरात सॉफ्टवेअर चालू झालं तर डॉक्युमेंटेशनचे पूर्ण मार्क. मधेच "अरे, ती फाइल तिकडे आहे" असं कोणी बोललं की दोन मार्क कट. जिथे मुलगा अडखळला तिथे पानाची जागा चुकलीय किंवा शीर्षक चुकलंय, एवढं समजायचं आणि दुरुस्त करायचं. या परीक्षेला खर्च शून्य, आणि सेकंड इयरच्या पोराला आयताच एक प्रोजेक्ट आतून बघायला मिळतो.

डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. चौथा नियम वाचकाचा वेळ वाचवण्याबद्दल आहे. कपाटं, कार्डं, वर्गीकरणाचे आकडे हा सगळा खटाटोप शेवटी त्यासाठीच. आपण इंजिनिअर लोक प्रोग्रॅम दोन मिलिसेकंदांनी फास्ट व्हावा म्हणून रात्र रात्र जागतो. आपल्या मागून येणाऱ्या चार जणांचं एक वर्ष वाचवायला एक रविवार द्यायला काय हरकत आहे? पुढच्या सबमिशनच्या आधी बघा, पटतंय का.